उजव्या बाजूचे चार नट

"हौसा, पाणी तापलं काय गं?"

नवऱ्यानं घराकडं तोंड करून हाक मारली. मी घरात नव्हते. त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर, गाडीखाली, पोत्यावर पाठ टेकून पडले होते. त्या हाकेचा पाण्याशी काही संबंध नव्हता. गिऱ्हाईक आलंय, नीघ, एवढाच तिचा अर्थ.

मी पाना पोटावर ठेवला, टाचा रोवल्या आणि उताणीच सरकत गाडीच्या मागच्या अंगाला आले. तिथून दोन पावलांवर पडदा. पडद्यामागं आमची चूलभांडी आणि अंथरूण. सरकता सरकता अर्ध्या ओढलेल्या शटरखालून पांढरं धोतर आणि करकरणारं पायताण दिसलं. अण्णासाहेब मगदूम. बाराला येतो म्हणालेला माणूस अकरालाच दारात.

डावीकडचे चार नट मी आवळले होते. उजवीकडचे चार राहिले होते. नुसते बोटांनी फिरवून टेकवलेले.

हे सन अठ्ठ्याऐंशीचं. जयसिंगपूरला शिरोळच्या रस्त्यावर आमचं गॅरेज होतं. पाटीवर नवऱ्याचं नाव, सिद्राम लोहार. लोक म्हणायचे सिदू मिस्त्री. गाडी होती डुक्कर फियाट, अण्णासाहेबांच्या वडिलांनी तंबाखूच्या व्यापारात घेतलेली, तीस वर्षांची म्हातारी. पुढून नाकाड आलेली म्हणून सगळा मुलूख तिला डुक्कर म्हणायचा. अण्णासाहेबांसमोर कोणी म्हणत नव्हतं.

गाडीची पुढची चाकं ज्या लोखंडी दांड्यांवर खालीवर होतात त्यांना आर्म म्हणतात. आर्म गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडलेले असतात तिथं रबराचे बुश. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, आणि प्रत्येकावर एक नट. रबर मेलं की लोखंडावर लोखंड आपटायला लागतं आणि गाडी जाईल तिकडं आपण जायचं. अण्णासाहेबांच्या गाडीची तीच तऱ्हा झाली होती. कोल्हापूरच्या दोघा मिस्त्र्यांनी भंगारात घाला म्हणून सांगितलं होतं. मी जुनं रबर जाळून काढलं, आतली लोखंडी नळी करवतीनं चिरली, नवे बुश साबणाच्या पाण्यात बुडवून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दाबून बसवले. चार दिवस खपले.

आता हे नट कधीही आवळून चालत नाहीत. गाडी उचललेली असताना, चाकं लोंबत असताना आवळले तर रबर त्याच ठेवणीत जखडतं आणि गाडी खाली ठेवली की पिळवटून फाटतं. बसून लुगड्याची गाठ मारली की उभं राहिल्यावर काचते, तसंच. म्हणून नट हातानं टेकवायचे, गाडी चाकांवर उभी करायची, तिचा भार तिला घेऊ द्यायचा आणि मग खाली शिरून लांब पान्यानं एकेक नट ओढायचा. त्या दिवशी गाडी चाकांवर उभी होती. चाकांखाली मी जाड फळ्या सारल्या होत्या. खाली एक माणूस मावेल एवढी जागा.

माणूस म्हणजे मी. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गाडीचा आर्म सोडवताना स्प्रिंग उसळली आणि नवऱ्याच्या उजव्या मनगटावर बसली. दवाखान्यात सळई घातली, हाड जुळलं, पण मूठ काही वळली नाही. चमचा धरता यायचा, पाना नाही. गावाला एवढंच माहीत होतं की सिदूच्या हाताला लागलं होतं आणि बरं झालं. तेव्हापासून तो बाहेर उभा राहून बोलायचा आणि मी शटर ओढून खाली पडायची.

"झाली काय रे माझी फियाट?" अण्णासाहेब शटरखालून वाकून आत आले.

"झालीच म्हणायची. बाराला या म्हटलं होतं न्हवं अण्णा?"

"आमच्या त्रिशलाला धीर न्हाई. दिवस मावळायच्या आत रत्नागिरी गाठायची म्हणती सासरी. तिला आणि पोरांना सोडून यायचं. जेवून एकला निघतोय. काय राहिलंय?"

"काय न्हाई. उजवीकडचं चार नट वढायचं तेवढं."

"मग वढ की. बसतो मी."

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसलेच.

मी पडद्याच्या फटीतून नवऱ्याचं तोंड बघत होते. अण्णा, तुम्ही घरी जावा, तासाभरात गाडी आणून देतो, एवढं म्हटलं की सुटला असता. ते त्याच्या ओठांवर आलेलंही मला दिसलं. पण अण्णासाहेब म्हणाले, "लई दिवसांत तुला काम करताना बघितला न्हाई सिदू. कवाबी यावं तर आपला हात पुसत उभा. काम भुतं करत्यात काय तुझं?"

ते हसले. नवराही हसला. मग त्यानं खांद्यावरचं फडकं स्टुलाशेजारी ठेवलं, मी गाडीमागं टाकलेला पाना उचलला आणि खाली शिरला.

दोन वर्षांत तो पहिल्यांदा गाडीखाली जात होता.

मी चहासाठी स्टो पेटवला होता. तो बंद केला. स्टोच्या आवाजात मला ऐकू आलं नसतं. नट पुरता बसताना बोलतो. शेवटच्या पाव फेऱ्याला लोखंड कर्र करतं, दातांत खडा आल्यासारखं. ते कर्र ऐकू आलं की पुढच्या नटाकडं जायचं. मी श्वास धरून बसले. पाना नटावर चढल्याचा आवाज आला, उतरल्याचा आला. परत चढला. एकदा घसरून सांगाड्यावर आपटला. नवरा खाली कण्हल्यासारखं काहीतरी बोलला.

"वय झालं काय रे?" अण्णासाहेब म्हणाले.

"गंजलंय जरा, अण्णा."

गंजलं होतं कुठलं. नट कोरे होते, मी स्वतः रॉकेलात धुतले होते.

कर्र एकदाही आलं नाही. दहा मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा बनियन पाठीला चिकटलं होतं. उठायच्या आधी, तोंड गाडीच्या बाजूला असताना, त्यानं डाव्या हाताच्या बोटांनी कपाळावर ग्रीसचा पट्टा ओढून घेतला. अण्णासाहेबांना दिसलं नाही. मला दिसलं.

"झालं. आता घाट उतरा न्हाईतर डोंगर चढा."

मी स्टो परत पेटवला, हात रॉकेलनं पुसले, राख लावून धुतले, तरी नखांत काळं राहिलंच. चहाच्या कपबशा पदरानं धरून बाहेर आले.

"ह्या बाईचा चहा आणि तुझा हात," अण्णासाहेब बशीत ओतत म्हणाले, "दोन्ही एका घरात म्हंजे नशीब काढलंस सिदू."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो फडक्यानं पाना पुसत होता. पुसून लख्ख झालेला पुसत होता.

"अहो," मी म्हटलं, "ते उजवीकडचं एकदा परत बघतो म्हणाला होतासा न्हवं? गाडी जरा हालवून?"

"बघितलं."

"फळ्यांवरनं उतरवल्यावर एकदा..."

"तू आत जा."

अण्णासाहेबांना मजा वाटली. "मिस्त्रीण लई बारीक लक्ष ठेवती. आता हिलाच पाटीवर घे." आणि माझ्याकडं वळून, "पोरी, तुझ्या नवऱ्याच्या हातावर माझा माझ्यापेक्षा जास्त भरवसा हाय. नातवंडं बसवणार हाय मी हिच्यात. दोन्ही."

त्यांनी मजुरी दिली, दोन बोटांनी टोपी सारखी केली आणि गाडी फळ्यांवरून उतरवून रस्त्याला लावली. मी ऐकत उभी राहिले. वळणापर्यंत काही वाजलं नाही. वाजणारच नव्हतं इतक्यात. सैल नट पहिल्या मैलाला बोलत नाही. तो वाट बघतो, खड्डे मोजतो, बोल्टाचा आटा आटा उतरतो. जयसिंगपूर ते कोल्हापूर सपाट. पुढं मलकापूर. मग आंबा घाट.

शटर खाली ओढून मी विचारलं, "किती बसलं?"

"बसलं."

"आवाज आला न्हाई."

"तुझं कान पडद्यामागं."

मी बाकावरच्या व्हाइसमध्ये एक बोल्ट धरला, त्यावर नट चढवला आणि पाना त्याच्यापुढं केला. "ह्यो वढून दावा."

त्यानं पाना घेतला नाही.  मग म्हणाला, "खडखड व्हायला लागली की येतील की परत. कोल्हापूरपर्यंत सुद्धा जाणार न्हाईत. लगेच कळतंय."

"आणि न्हाई कळलं तर? अण्णाला ऐकू कमी येतंय. पोरं मागं दंगा करत असतील. घाटात कळलं तर कुठनं येतील परत?"

"मग मी काय करायचं होतं? तिथं त्यांच्या म्होरं सांगायचं होतं, अण्णा, मला मूठ वळत न्हाई, माझी बायको खाली पडती?"

"व्हय."

"आणि उद्यापास्नं कोण येईल?"

मी म्हटलं, "माझी आई घण मारत होती. माझा बा सांडशीत लोखंड धरायचा आणि ती रस्त्यावर, भर बाजारात, पोटात सहा महिन्यांची मी असताना घण मारायची. तुमची आईबी मारायची. कोण आलं न्हाई म्हणून बंद पडली काय भट्टी?"

"भट्टीवर बाई उभी असती."

"मग?"

"हितं पडायला लागतंय. गाडीखालनं बाईचं पाय बाहेर दिसत्यात. लोकं गाडी बघाय येतील काय पाय?"

दोन वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. मला वाटत होतं, हाताची लाज आहे. हाताची होतीच. पण खाली ही दुसरी होती, आणि ती माझ्या पायांची होती.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस कमी होते. मी पान्याची पिशवी घेतली. त्यात लोखंडी नळीचा हातभर तुकडा टाकला. पान्याच्या दांड्यावर चढवला की जोर दुप्पट होतो.

"कुठं निघालीस?"

"आठव्या गल्लीत. अण्णांच्या घरी."

"तू तिथं गेलीस की मी संपलो, हौसा."

"तुम्ही स्प्रिंगनं संपलायसा. मी संपवलं न्हाई."

हे बोलायला नको होतं. पण बोलले. तो खाली बसला. मी मागच्या दारानं निघाले.

अण्णासाहेबांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी पळत नव्हते. बाई पळताना दिसली की गाव विचारतं काय झालं, आणि काय झालं ते मला सांगायचं नव्हतं. नवऱ्याचं नाव जाऊ द्यायचं नाही, हे वाटेत पक्कं केलं होतं. त्यांनी पाठवलंय म्हणायचं. ताप भरलाय म्हणायचं. नट एकदा गाडी चालल्यावर परत ओढावे लागतात, तशी रीतच आहे म्हणायचं. खोटं तीन ठिकाणी शिवलं आणि मनात ओढून बघितलं. टिकेल असं वाटलं.

पण एक निघतोय म्हणाले होते, आणि हा माणूस बाराला म्हणून अकराला येणारा. बाजारपेठेतून जाताना दर दुकानाच्या घड्याळात वेगळी वेळ. एका ठिकाणी बारा. पुढं बारा दहा. परत बाराला पाच कमी. कोल्हापूरच्या रस्त्याला लागणारी प्रत्येक गाडी मला नाकाड आलेली दिसत होती. चौकात खरंच एक डुक्कर फियाट आली.  ती कुणा डॉक्टरची होती, हिरवी. पिशवीतला पाना मांडीवर आपटत होता. मी चालायचं सोडून दिलं आणि पळाले.

गाडी दारात होती. टपावर ट्रंक बांधून झाली होती. मागच्या सीटवर दोन पोरं, एक सहाएक वर्षांची मुलगी आणि तिच्याहून धाकटा मुलगा, शेंगदाण्याच्या लाडवावरून भांडत होती. त्रिशला खिडकीतून त्यांना दटावत होती. अण्णासाहेबांनी पुढचं दार उघडून एक पाय आत टाकला होता.

"काय गं? मिस्त्री कुठाय?"

"ताप भरलाय त्यांना. मला पाठवलंय. चार नट परत वढायचं हाईत, उजवीकडचं."

"आत्ता तर वढलं माझ्याम्होरं. दहा मिनटं खाली होता."

"गाडी चालली की परत वढायचं असतंय. रीत हाय ती."

"मग कुणालातरी पाठवायचं. तू काय करणार हायस?"

"मला दाखवून दिलंय त्यांनी."

अण्णासाहेब हसले. त्यांची बायको, काकू, उंबऱ्यात आली होती, तीही हसली. "अगं बाई, उशीर होतोय त्यांना. आल्यावर बघतील."

माझी तीन टाके घातलेली शिवण तिथंच उसवायला लागली. मी म्हटलं, "अण्णा, पोरं खाली उतरवा. पुढची चाकं ह्या फरशीच्या तुकड्यांवर चढवा. पाव तास लागंल. न्हाईतर मी चाकाम्होरं बसते."

हसणं थांबलं. त्रिशलानं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि कुणाला न विचारता दार उघडून दोन्ही पोरं ओढून काढली. "अण्णा, चढवा," ती म्हणाली.

दाराजवळ फरशीचे दोन जाड तुकडे पडले होते. अण्णासाहेबांनी तोंड वाकडं करून चाकं त्यांवर चढवली. भार चाकांवरच राहिला, पाहिजे तसा. मी पदर खोचला, लुगड्याचा काचा मारला आणि भर गल्लीत, भर दुपारी उताणी पडले. शेजारच्या घरातून माणसं आली. मला फक्त त्यांची पायताणं दिसत होती. माझ्या पायांकडं कोण बघत होतं ते मला दिसत नव्हतं, ते एक बरं होतं.

पहिल्या नटाला पाना लावायच्या आधी बोट लावलं. फिरला. बोटानं. दुसरा तसाच. तिसरा थोडा जड, पण फिरला. मी चौथ्याकडं हात नेला. तो खालच्या आर्मचा, मागच्या टोकाचा. आणि माझा हात तसाच राहिला. नट मी सकाळी टेकवला होता तिथं नव्हता. तो बाहेर आला होता. दोन आट्यांवर लोंबत होता.

मागच्या टोकाचा नट खालून बघताना उलट्या अंगानं येतो. बाकीचे तीन ज्या बाजूला फिरवायचे त्याच्या विरुद्ध बाजूला हा फिरतो. हे डोकं विसरतं, हात विसरत नाही. पण हात दोन वर्षं फडकं धरून उभा होता. नवऱ्यानं बाकीचे तीन आवळले नव्हतेच, त्याच्यानं ते झालं नव्हतं. हा मात्र त्यानं सगळ्या ताकदीनं फिरवला होता. सैल नट उलटा फिरायला कितीशी ताकद लागते? त्याला वाटलं असेल, एकतरी बसला.

दोन आटे. जयसिंगपूरच्या नाक्यावरचा गतिरोधक पार झाला असता की नाही, कोण जाणे.

 मग नळी पान्यावर चढवली, पाय चाकाला लावला आणि ओढला. कर्र. पुढचा. कर्र. गल्लीत सगळ्यांना ऐकू येत होतं. चारही झाले.

बाहेर आले. अण्णासाहेब माझ्या हाताकडं बघत होते. नळीकडं, पान्याच्या पकडीकडं. माणूस बहिरा होत होता, आंधळा नव्हता.

"सैल होतं?"

"व्हय."

"चारी?"

"व्हय."

काकूनं कपाळाला हात लावला. मी आता जायला निघणार होते. खोटं अजून अर्धं शाबूत होतं. ताप, रीत, दाखवून दिलंय. पण त्रिशला पुढं आली. धाकटा तिच्या कडेवर होता. ती म्हणाली, "आणि डावीकडचे? ते कुणी आवळलेत? तेही सैल असले तर?"

बरोबर विचारलं तिनं. आई होती. मी 'ह्यांनी' असं म्हटलं असतं, तर ज्यानं चार सैल सोडले त्यानंच ते चार केलेले, म्हणून ती पोरं गाडीत बसली नसती. बसली असती तर भीत बसली असती.

"ते पक्के हाईत," मी म्हटलं. "ते सकाळी मी आवळलेत."

"तू?" अण्णासाहेब.

"सगळं मीच केलंय. बुश मीच बसवलेत. दोन वर्षं सगळ्या गाड्या मीच करते."

गल्लीत कुणीतरी फिसकन हसलं. अण्णासाहेबांचा चेहरा आधी कोरा राहिला, मग त्यावर हळूहळू काहीतरी जुळत गेलं. मी त्यांना जुळवताना बघत होते.

"म्हंजे सिदू बिचारा तुझ्यावर विसंबून वरवर बघून आला. आणि नट सैल सोडलेले तू."

दोन वाटा होत्या. एक म्हणजे सांगायचं, अण्णा, त्याचा हात मेलाय. त्यानं तुमच्यादेखत, तुमच्यापुढच्या लाजेपायी, दहा मिनिटं खाली पडून सोंग केलं आणि एक नट उलटा फिरवून तुमच्या नातवंडांना दोन आट्यांवर टांगलं. गल्लीत वीस माणसं होती. संध्याकाळपर्यंत शिरोळला पोचलं असतं. आणि तो घरी खाली बसलेला होता, मी त्याला तसाच सोडून आले होते.

"व्हय," मी म्हटलं. "मी सोडलेले."

"मग कळलं आणि पळत आलीस."

"व्हय."

अण्णासाहेबांनी गाडीची किल्ली काढून खिशात घातली. "ट्रंक खाली घ्या रे. एसटीनं जायचं."

"अण्णा, आता आठी नट पक्के हाईत. माझ्या जबानीवर..."

"पोरी, तुझ्या जबानीवर मी पोरंबाळं घाटात घालू?"

नवऱ्याच्या हातचे चार सैल नट घेऊन ती माणसं आंबा घाट उतरायला निघालीच होती. माझ्या हातचे आठ घट्ट नट घेऊन नाही.  मी निघताना त्रिशलानं मला पिण्याच्या पाण्याचा तांब्या दिला. हात धुवायला नाही, प्यायला.

घरी आले तेव्हा नवरा तसाच बसला होता, व्हाइसच्या खाली.

"गेली?"

"एसटीनं."

"नट?"

"तीन टेकलेले. मागचा तुम्ही उलटा फिरवला होता. दोन आट्यांवर होता."

 तो डाव्या हातानं उजवं मनगट धरून बसला. मग विचारलं, "तिथं काय सांगितलंस?"

"मी गाड्या करते ते सांगितलं. आणि सैल मी सोडले म्हणून सांगितलं."

त्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे खरं आहे, खोटं कशाला लिहू. आणि तो म्हणाला, "बरं केलंस."

एवढंच.

त्यानंतर आमच्याकडं शटर ओढायचं कारण उरलं नाही. मोठ्या गाड्यांची गिऱ्हाइकं सांगलीला गेली. रिक्षावाले आले, टेम्पोवाले आले, त्यांना पायांशी कर्तव्य नव्हतं, गाडी चालल्याशी होतं. मी सोळा वर्षं उघड्यावर काम केलं. माझ्या हातचा एक बुश परत आला नाही. पण गावात कुठं गाडीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणायचंच, नट बघून घे रे, मिस्त्रिणीनं आवळलेत. नवरा शेजारी उभा असायचा. तो हसायचा. पहिली दोनेक वर्षं मी त्याच्याकडं बघायची, आता बोलेल, आता म्हणेल की ती माझी चूक होती. मग बघायचं सोडून दिलं.

तो दोन हजार चार साली गेला. काविळीनं. तिसऱ्या दिवशी लोक भेटायला आले. अण्णासाहेब आले, ऐंशी उलटलेले, काठी टेकत. पुरुष गॅरेजमध्ये सतरंजीवर बसले होते, मी बायकांत भिंतीला टेकून.

"सिदूसारखा हात परत व्हायचा न्हाई," अण्णासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. कान आता पुरते गेले होते. "तीस वर्षं त्यानं गाड्या केल्या. घोळ म्हणून एकच झाला, तोबी त्याचा न्हवता."

माना हलल्या. दोघातिघांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर काढली.

मी उठले. बायकांनी पदर धरला. मी सतरंजीच्या कडेपर्यंत गेले आणि अण्णासाहेबांच्या कानाजवळ वाकून, तेवढ्याच मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, त्या दिवशी मागचा नट उलटा फिरवलेला होता. तो मी फिरवला न्हवता. ह्यांनी फिरवला. ह्यांची मूठ वळत न्हवती."

 अण्णासाहेबांनी माझ्याकडं खूप वेळ बघितलं. त्यांना ऐकू आलं होतं, समजलंही होतं. मी त्यांना जुळवताना पुन्हा एकदा बघितलं. मग त्यांनी हात वर करून, लहान पोराला गप्प करावं तसा हलवला.

"जाऊ दे आता, पोरी. माणूस गेला. आता कशाला?"

"मी हाय की अजून," मी म्हटलं.